लाल खुणेची बरणी

मी एक जुनी, मापाच्या रेघांची काचेची बरणी आहे, आणि मित्रांनो, मी सूड घेतलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे 'अरेरे, बिचारी काच' असे म्हणत कोणी पुढे वाचायला नको. मी बिचारी नाही. माझ्या काठाला एक टवका उडालेला आहे. तो कोणी उडवला, हे मी एक दिवसही विसरलेली नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. एका कारागिराने वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी नळीच्या टोकावर घेतला, साच्यात धरला आणि गाल फुगवून फुंकर घातली. त्याच्या एका श्वासातून माझे पोट तयार झाले. थंड झाल्यावर माझ्या अंगावर दहा रेघा कोरण्यात आल्या. त्याने मला खिडकीपाशी नेऊन फिरवून फिरवून पाहिले. एकही बुडबुडा नव्हता. "हिच्या पोटात काही राहायचं नाही," तो शेजाऱ्याला म्हणाला. मला वाटले, ही माझी चेष्टा आहे. पण तेच पुढे माझे शस्त्र ठरले.

तिथून मी एका रुग्णालयात आले, बायकांच्या वॉर्डात. काम काय, तर आजारी बायकांची लघवी साठवायची आणि किती झाली ते दाखवायचे. हसलात ना? हसा, पोटभर हसा. पण शरीरातून बाहेर जाणारे ते पाणी आतली बातमी घेऊन येत असते. माझ्या पहिल्या डॉक्टरांना हे ठाऊक होते. ते रोज सकाळी आम्हा बरण्यांना एकेक करून खिडकीसमोर धरत आणि म्हणत, "किती झाली ते मग सांगा. आधी कशी झाली ते बघू." फेस आहे का, गाळ आहे का, रंग कुठला. त्यांच्या बाह्या कायम ओल्या असत. त्या दिवसांत मला माझ्या कामाचा अभिमान होता.

ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी घड्याळसाहेब आले.

हे नाव वॉर्डातल्या मावशींनी ठेवले होते. मावशी म्हणजे आमची भांडी घासणारी, फरशी पुसणारी आणि सगळ्यांवर तोंड टाकणारी बाई. नवे मोठे डॉक्टर सकाळी नऊच्या ठोक्याला दारात उभे राहत, ना एक मिनिट अलीकडे, ना पलीकडे. त्यांचा नियम असा, की पावणेनऊपर्यंत प्रत्येक बरणी रिकामी करून, मापाचा आकडा लिहून, घासून लखलखीत केलेली हवी. मग फेरीच्या वेळी साहेब प्रत्येक बरणी हातात घेत आणि उजेडासमोर धरत. पसंत पडली, की तळावर तेलकट लाल पेन्सिलीने बरोबरची खूण आणि त्याखाली तारीख. डाग दिसला, तर मावशींची बिनपाण्याने व्हायची.

नीट लक्षात घ्या, मित्रांनो. उजेडासमोर तेही धरत होते. पण रिकामी बरणी.

खोट्याच्या आधाराने घेतलेला सूड टिकत नाही, म्हणून खरे तेच सांगते. साहेब आळशी नव्हते. कोणाकडून सफरचंदसुद्धा घेत नसत. हात असे सफाईदार, की टाके घातलेले कळू नयेत. त्यांचा दोष एकच होता. जे त्यांना सापडत नसे, ते नसतेच, असे त्यांना वाटे.

एका सकाळी वॉर्डात एक शिवणकाम करणारी तरुणी आली. तिला आपण थोरली म्हणू, कारण तिची आई तिला तशीच हाक मारायची. ती कमरेत वाकून आली होती. "ओला कपडा पिळतात ना, तसं पोट पिळतंय," ती म्हणत होती. साहेबांनी पोट दाबून पाहिले. ते मऊ होते. फोटो काढला, त्यात काही नाही. मग पोट उघडून पाहिले, आतही सगळे ठीकठाक. म्हणजे आजारच नाही, असे ठरले. पण नाडी धावत होती, उलट्या थांबत नव्हत्या, आठ दिवस पोट साफ झाले नव्हते. वॉर्डात आल्यापासून पाचव्या दिवशी तिला छतावरून बटणे घरंगळताना दिसू लागली. "आई, गोळा कर ग, गिऱ्हाईकाची आहेत," ती ओरडायची.

"नाटक आहे," साहेब म्हणाले. आणि त्यांनी तिला झोपेचे इंजेक्शन सुरू केले.

इंजेक्शन दिले की ती झोपायची आणि उठली की आणखी बिघडलेली असायची. हे वॉर्डात दोघींनी पाहिले. एक तिच्या आईने, एक मी.

एके दिवशी सकाळी मावशींची सून अडली. मावशी मला थोरलीच्या लघवीसकट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून "आलेच" म्हणत धावल्या आणि संध्याकाळी नातू झाल्यावरच परतल्या. त्या दिवशी फेरीच्या वेळी कोणी मला पाहिले नाही, कारण मी पडद्यामागे होते. अंगावर ऊन येत होते आणि माझ्या पोटात काहीतरी बदलत होते. सकाळी जे फिक्कट पिवळे होते, ते आधी कोऱ्या चहासारखे झाले, मग गंजासारखे, आणि दुपारपर्यंत जांभळट लाल. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. मी खिडकीत उभी राहून जणू ओरडत होते. बघा! कोणीतरी बघा!

चार वाजता बघितले ते नेमके साहेबांनी.

"ही बरणी धुतलेलीच नाही!" त्यांचा आवाज वॉर्डभर गेला.

थोरलीची आई उठून उभी राहिली. "साहेब, सकाळी पिवळी होती हो. मी डोळ्यांनी बघितली. हिच्या परकराला पण वाळल्यावर असेच तांबडे डाग पडतात."

"बीट खाल्लं असेल."

"आठ दिवस तिच्या पोटात पाणी ठरत नाही, बीट कुठून खाणार?"

साहेबांना उलट उत्तराची सवय नव्हती. त्यांनी मला उचलले, मोरीपाशी नेऊन माझ्या पोटातले सगळे ओतून दिले आणि मला कठड्यावर असे आदळले, की माझ्या काठाचा टवका उडून गेला. "भंगारात टाका ही घाण," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींना सगळ्या वॉर्डासमोर माफी मागायला लावली. मावशींनी मान खाली घालून मागितली. नातू झाल्याचे पेढेही त्यांनी कोणाला वाटले नाहीत.

मला मात्र त्यांनी फेकले नाही. मोरीतल्या फळीवर ठेवले आणि माझ्यात घासण्याचे ब्रश उभे केले.

तिथून मी ऐकत राहिले. थोरलीचे आधी पाय गेले, मग हात. दहाव्या दिवशी तिचा श्वास थांबला. कागदावर 'मानसिक विकार' असे लिहिले गेले. तिच्या आईने हंबरडा फोडला नाही. ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, "खोटं बोलत नव्हती हो ती. खोटं बोलत नव्हती."

त्या दिवशी, फिनेलच्या वासात, ब्रश पोटात घेऊन मी ठरवले. या माणसाला एकदा माझ्यातून बघायला लावीन.

माझी मजा बघा कशी झाली. साहेबांनी काचेच्या बरण्याच बंद केल्या. त्यांच्या जागी पांढरा मुलामा दिलेली, झाकणाची पत्र्याची भांडी आली. ती दिसायला स्वच्छ, पण आतले काही दिसायची सोय नाही. पावणेनऊला रिकामी, नऊला लाल खूण. अशी तीन वर्षे गेली. काचेला वाट बघायला काही लागत नाही. आम्हाला ना भूक, ना झोप. मावशी ब्रश घ्यायला आल्या, की माझ्या टवक्यावरून बोट फिरवून जायच्या. आम्ही दोघी एकमेकींना समजत होतो.

चौथ्या वर्षी वॉर्डात आरडाओरडा झाला. "अहो, सरका ना पुढे! पुढे जागा आहे!" दारात गर्दी केलेल्या लोकांना दटावत एक पोरगी स्ट्रेचरवरून आत आली. ती बसमध्ये कंडक्टर होती, आणि वेदनेतही सवय सुटत नव्हती. तिच्या मागून बोचके छातीशी धरून जी बाई आत आली, तिला बघून मावशींच्या हातातली बादली खाली आली. ती थोरलीची आई होती. ही धाकटी होती.

पुढचे मी मोरीच्या उघड्या दारातून पाहिले आणि ऐकले. पंधरा दिवस दोन-दोन पाळ्या, जेवणाचा पत्ता नाही. त्यात झोप येईना, म्हणून कोणीतरी दिलेल्या झोपेच्या गोळ्या तिने घेतल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पोटात पिळायला लागले. पोट दाबले तर मऊ. नाडी धावती. आणि आता तिच्या बोटांत तिकीट फाडण्याइतकाही जोर उरला नव्हता.

साहेबांनी कागद पाहिले, आईकडे पाहिले आणि त्यांना आठवले. "हिची बहीण पण अशीच होती," ते म्हणाले. "घरातच आहे ते."

मित्रांनो, कधीकधी माणूस खरे उत्तर बोलून जातो आणि त्यालाच ते ऐकू येत नाही. ते घरातच होते, हे खरेच होते. पण ते नाटक नव्हते.

निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मनोरुग्णालयाची गाडी येणार. वाटेत तिने दंगा करू नये, म्हणून दीड वाजता झोपेचे मोठे इंजेक्शन. तेच, जे थोरलीला दिले होते.

आई मोरीत आली आणि तोंडात पदर कोंबून उभी राहिली. मग तिची नजर फळीवर गेली.

"मावशी, ही... ही तीच ना?"

"तीच. फेक म्हणाले होते. म्हटलं, माझ्या बापाचं काय जातंय, राहू दे."

"हिचे पण कपडे वाळले की तांबडे होतात."

मावशींनी ब्रश खाली ठेवला. "तुम्ही इथंच थांबा," त्या म्हणाल्या आणि तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतून चष्मेवाल्या बाईंना जवळजवळ ओढतच घेऊन आल्या.

चष्मेवाल्या बाई तीस वर्षे परीक्षानळ्यांमध्ये वाकून वाकून पाठीने कमान झालेल्या, बोलायला अगदी मोजक्या. त्यांनी आईला पाचच प्रश्न विचारले. दुखणं कशानंतर सुरू झालं? पोट दाबलं तर मऊ लागतं का? पाळीच्या आधी असं कधी झालं होतं का? हातपाय लुळे पडतायत का? डाग ओले असताना दिसतात की वाळल्यावर? प्रत्येक उत्तराला त्यांचा चेहरा उतरत गेला.

"या दुखण्याला पॉरफिरिया म्हणतात," त्या म्हणाल्या. "फार कमी जणांना होतं. मी आयुष्यात एकदाच बघितलंय."

"म्हणजे काय ते आमच्या भाषेत सांगा," मावशी म्हणाल्या.

"बांधकामावर घमेली पुढे देत आठ बाया रांगेत उभ्या असतात, बघितलंय ना? रक्ताचा लाल रंग शरीर तसाच बनवतं, आठ हातांतून. हिच्या रांगेतली एक बाई जन्मापासून हळू आहे. एरवी कळतसुद्धा नाही. पण उपाशी राहिलं किंवा काही ठराविक औषधं पोटात गेली, की मुकादम घाई करायला लागतो. मागून घमेल्यांवर घमेली येतात, ती हळू बाई अडते, आणि अर्धवट माल तिथेच साचतो. तो माल नसांना बाधतो. म्हणून पोट दुखतं, पण पोटात काही सापडत नाही. म्हणून भास होतात, हातपाय जातात. उरलेला माल लघवीतून बाहेर पडतो. ताजी असताना काही कळत नाही. उजेडात राहिली की रंग धरते."

"आणि मुकादमाला घाई करायला लावणारं औषध कुठलं?" आईने विचारले.

"बरीच आहेत. झोपेची काही त्यांतलीच."

आई थोरलीची इंजेक्शने बोटांवर मोजू लागली. मी फळीवर होते, मित्रांनो. माझ्यात घाम फुटायची सोय असती, तर फुटला असता.

"मग साहेबांना सांगू या की!" आई म्हणाली.

"मावशींनी डागांचं सांगितलं, तेव्हा वर येताना जिन्यातच मी त्यांना विचारलं, तपासणीची चिठ्ठी द्या म्हणून," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "साहेब म्हणाले, बाई, नळ्या धुवा."

मावशींनी मला फळीवरून खाली घेतले. त्यांच्या डोळ्यांत जे होते, ते मला चांगले ओळखीचे होते. "ह्या वेळी त्यांना बरणी घाण आहे असं म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तसा बंदोबस्त मी करते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला राखेने घासले, साबणाने घासले, उकळत्या पाण्याने तीनदा धुतले. नऊच्या ठोक्याला साहेब आले. भांड्यांच्या रांगेत शेवटी मी.

"ही काचेची कशाला?"

"एका भांड्याचा मुलामा उडालाय साहेब. आजच्यापुरती चालवून घ्या. स्वच्छ आहे का बघा तेवढं. नाहीतर परत मला बोलणी बसायची."

साहेबांनी मला हातात घेतले. तोच हात, तीच बोटे. त्यांनी मला ओळखले नाही! टवक्यावर अंगठा टेकवूनसुद्धा ओळखले नाही. मला उजेडासमोर धरून, गोल फिरवून म्हणाले, "अशी हवी! सगळी भांडी अशी लखलखीत हवीत." आणि त्यांनी माझ्या तळावर लाल पेन्सिलीने ऐटदार खूण केली. खाली तारीख.

अजून काय हवे होते मला!

साहेब पुढच्या वॉर्डात गेले. आईने धाकटीला आधार देऊन बसवले. तिला लवकर लघवी होईना. "घाई करू नका, शेवटचा स्टॉप आहे," ती दात आवळून म्हणाली, आणि आई रडता रडता हसली. सव्वानऊला माझे पोट भरले. रंग साधा, पिवळा. चष्मेवाल्या बाईंनी त्यातले थोडे तपकिरी बाटलीत घेतले आणि बाटलीला काळा कागद गुंडाळला.

"हे का?" मावशींनी विचारले.

"उन्हात लाल होते, त्याने नुसता संशय येतो. खरी तपासणी करायची, तर नमुना अंधारात ठेवायला लागतो, नाहीतर जे शोधायचं तेच निघून जातं. आणि तुलनेला दुसऱ्या कोणाची तरी हवी. धडधाकट माणसाची."

"मी मेली काय?" म्हणत मावशी काचेचा पेला घेऊन गेल्या आणि भरून आणला.

मी आणि तो पेला, दोघे खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी. ऊन आले. दहा वाजले. काही नाही. अकरा वाजले. थोडा गडदपणा आला, पण तो बघणाऱ्याला भास वाटावा इतकाच. आणि साडेअकराला एक जाडजूड ढग येऊन सूर्यासमोर बसला. दीड वाजता इंजेक्शन होते. मी जन्मभर कोणापुढे हात जोडले नाहीत, मला हातच नाहीत. पण त्या ढगाला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की इथे लिहिता येणार नाहीत. आई खिडकीपाशी उभी राहून आकाशाकडे बघत होती. "बाजूला हो," ती दात आवळून म्हणाली. "एकीला नेलंस, पुरे झालं." ते ती ढगाला म्हणत होती की आणखी कोणाला, मला कळले नाही.

बाराला ढग हलला. मग मात्र उन्हाने कसर ठेवली नाही. मी कोऱ्या चहाची झाले, मग गंजाची, मग जांभळट लाल. शेजारी मावशींचा पेला तस्साच पिवळाधमक.

दीड वाजता साहेब सुई भरून आले. मावशी खाटेसमोर आडव्या उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या साहेबांच्या वाटेतून सरकल्या नाहीत.

"सरका."

"आधी हे बघा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांच्या कपाळावर शीर उठली. "पुन्हा तेच! न धुतलेली बरणी—"

मावशींनी मला दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्याच्या वर उचलले. "खाली बघा साहेब. तळाला. खूण कोणाची आहे? तारीख कुठली आहे?"

साहेबांनी मान वर केली. माझ्या तळावर त्यांची स्वतःची लाल खूण होती, आणि तिच्यामागे ते लाल पाणी. मित्रांनो, तीन वर्षे ज्या क्षणासाठी मी ब्रश पोटात घेऊन उभी होते, तो हा क्षण. मी त्यांना माझ्यातून बघायला लावले. त्यांना बरणीला दोष देता येईना, कारण बरणी त्यांनीच पास केली होती. मावशींना दोष देता येईना. दोष द्यायला खोलीत फक्त एक माणूस उरला.

चष्मेवाल्या बाई पुढे आल्या. त्यांनी काळ्या कागदातून बाटली काढली, परीक्षानळीत थोडे ओतले, त्यात आपले औषध टाकले. नळी लालभडक झाली. मावशींच्या पेल्यातले घेऊन तेच केले. ते पिवळेच राहिले.

"पॉरफिरिया," साहेब पुटपुटले. "परीक्षेला होतं हे आम्हाला. मी पाठ केलं होतं."

त्यांच्या हातातली सुई तबकात पडली. तिचा जो खळकन आवाज झाला, त्याच्यापेक्षा गोड आवाज मी ऐकलेला नाही.

मला वाटले होते, आता आई त्यांच्यावर तुटून पडेल. मी तर म्हणत होते, मावशी, सोडा मला हातातून, पडू दे त्यांच्या पायावर. पण आई शांतपणे जवळ आली.

"माझ्या थोरलीला पण हेच होतं ना?"

साहेब तबकातल्या सुईकडे बघत राहिले.

"बोला की. त्या दिवशी तर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतकं बोललात."

"हो," साहेब म्हणाले. "हेच असणार."

"ती खोटं बोलत होती का?"

"नाही."

"मोठ्यांदा."

"नाही," साहेब मोठ्यांदा म्हणाले. "ती खरं बोलत होती."

गाडी रिकामी परत गेली. धाकटीची झोपेची औषधे बंद झाली. तिच्या शिरेतून साखरेचे पाणी सुरू झाले, कारण पोट भरले की तो मुकादम जरा शांत होतो. दोन दिवसांनी मोठ्या शहरातून खास औषध आले. साहेब ते आणायला स्वतः गेले होते. त्याबद्दल मी त्यांना काही गुण दिले नाहीत. धाकटीला बोटांत जोर यायला सहा महिने लागले. आता ती पुन्हा बसवर आहे. तिच्या खिशात एक कार्ड असते, कुठली औषधे चालत नाहीत ते लिहिलेले, आणि दुपारचा डबा ती कधी चुकवत नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, तेव्हा ते आईच्या अंगातही गुपचूप निघाले.

"म्हणजे माझ्यामुळेच?" आईने विचारले.

"डोळ्यांचा रंग जातो, तसं जातं ते," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "तुम्ही दिलं नाहीत."

घरी जायच्या दिवशी साहेबांनी आईला विचारले, की मी तुमच्यासाठी काय करू. आई म्हणाली, "ही बरणी धुऊन, पुसून तुमच्या टेबलावर ठेवा. तुमच्या समोर, तळ तुमच्याकडे करून. आणि ती खूण पुसायची नाही."

तेव्हापासून मी त्यांच्या टेबलावर आहे, आडवी, लाकडाच्या बैठकीवर. ते कागदावर सही करायला मान खाली घालत, तेव्हा मी समोर. डबा उघडत, तेव्हा मी समोर. दर वर्षी नवे डॉक्टर शिकायला आले, की त्यांना माझी गोष्ट सांगायचे काम साहेबांवर पडले. पहिल्या वर्षी त्यांनी सुरुवात केली, "एकदा एका डॉक्टरने..." तेव्हा दारात फरशी पुसणाऱ्या मावशी खोकल्या.

"कुठल्या ओ?" त्यांनी अगदी निरागसपणे विचारले.

साहेबांनी माझ्या तळाकडे पाहिले. मग म्हणाले, "मी." त्यानंतर दर वर्षी ते तिथूनच सुरुवात करत आले.

आता तुम्ही म्हणाल, बरणीबाई, झाले की, आता माफ करून टाका. तुम्ही चांगली मुले आहात, असेच म्हणाल. पण माझा टवका भरून आलेला नाही, आणि तो भरून यावा असे मला वाटतही नाही. गुळगुळीत बरणीकडे कोण दोनदा बघते? तुमच्याकडे मी एवढेच मागते. कोणी 'दुखतंय' म्हटले आणि तुम्हाला दुखणे सापडले नाही, तर आपल्याला सापडले नाही, असे म्हणा. नाटक म्हणू नका. आणि काहीही ओतून देण्याआधी, फेकण्याआधी, ते एकदा उजेडात धरा. भरलेले धरा.

मागच्या महिन्यात साहेब निवृत्त झाले. केस पांढरे, हात थोडे थरथरते. त्या दिवशी आई धाकटीला घेऊन तपासणीला आली होती. मी टेबलावर होते, नेहमीसारखी. साहेबांनी मला रुमालाने पुसले, तळ सोडून, आणि आईला खालच्या आवाजात विचारले, "आता तरी हिला कपाटात ठेवू का?"

आईने माझ्याकडे पाहिले. टवक्यावरून हलकेच बोट फिरवले.

"थोरली घरी आली, की ठेवा," ती म्हणाली.

त्या खुर्चीत आता नवे डॉक्टर बसतात. मी अजून टेबलावरच आहे.